‘ट्रान्झॅक्शनल’ नात्याला मराठीत काय म्हणाल? (आणि वडीचे दीडशे रुपये)

गॅलरीतली_तुळस

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारची गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय.

आम्ही मुलुंडला राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये तीन महिन्यांपूर्वी एक मुलगी भाड्यानं राहायला आली. पंचविशीची असेल. सकाळी आठची लोकल, रात्री नऊला घरी. रविवारी बाजारात कोथिंबीर स्वस्त होती म्हणून दोन जुड्या आणल्या, वड्या केल्या आणि गरम गरम आठ-दहा डब्यात घालून तिला दिल्या. तिनं अगदी मनापासून “थँक्यू काकू” म्हटलं. मी घरात येऊन कढई उतरवतेय तोच फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवरून माझा नंबर काढून तिनं दीडशे रुपये पाठवले होते. खाली लिहिलं होतं, “वडीचे”. संध्याकाळी डबा स्वच्छ घासून, पिशवीत घालून आमच्या कडीला अडकवलेला. रिकामा.

राग नाही आला, पण लागलं. नक्की काय लागलं ते मला सांगता येईना. लेक म्हणाली, “आई, तिला तुझं ओझं नको होतं. हल्ली नाती ट्रान्झॅक्शनलच असतात, त्यात वाईट काय?” मी विचारलं, याला मराठीत काय म्हणशील? ती म्हणाली, “व्यवहारी”.

मला नाही पटलं. व्यवहारी मीही आहे. घरखर्चाची वही गेली तीस वर्षं मीच लिहिते. स्थळ सांगताना “मुलगी व्यवहारी आहे” हे आपण कौतुकानंच सांगतो. मग या वागण्याला शब्द कोणता? हिशेबी म्हणावं तर तो स्वभाव झाला, आणि ती तशी वाटत नाही. मतलबी तर मुळीच नाही, मतलबी माणूस पैसे देईल कशाला! शब्द सापडला तर मला काय टोचलं तेही सापडेल असं वाटतंय. सांगा.

जुनी_पानं

तुळसताई, ‘व्यवहारी’ तुम्हाला खटकला ते बरोबरच आहे. मराठीत व्यवहार हा शब्द नात्याच्या विरुद्ध बाजूला कधी नव्हताच.

याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन भाग आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. तिथला व्यवहार म्हणजे न्यायनिवाडा, दावे-फिर्यादी. सतराव्या शतकातल्या नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’तला व्यवहार तोच. इंग्रजी अमदानीत हिंदूंच्या वारसाहक्काचे दावे चालवताना मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण एवढ्या मुलखापुरता मुंबई हायकोर्ट याच ग्रंथाला पहिला मान देत असे. पण घरात आपण हा शब्द कसा वापरत आलो? पत्रव्यवहार, बोलव्यवहार, रोटीव्यवहार, बेटीव्यवहार. “त्यांच्याशी आमचा व्यवहार नाही” याचा अर्थ नातं तुटलंय असाच होतो. वाळीत टाकणं म्हणजे दुसरं काय असतं? त्या घरचं कुणी घ्यायचं नाही, त्या घराला कुणी द्यायचं नाही. हे इतकं जीवघेणं ठरतं की महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे देवघेव हीच नातं असल्याची खूण. ‘ट्रान्झॅक्शनल’ म्हणताना लोकांना जे खुपतं ते देवघेव होणं हे नसावं. ती कशी होते, यात काहीतरी आहे.

जाता जाता ‘साटंलोटं’ही बघा. साटं म्हणजे अदलाबदल, सौदा. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे (माझ्याकडे १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत आहे). मुंबईत फ्लॅट घेताना ज्याला सगळे ‘साठेखत’ म्हणतात ते मूळचं साटेखत, खरेदीखताच्या आधीचा करार. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या अशा करारानं मालकी येत नाही, पुढे खरेदीखत करावंच लागतं. आज मात्र वर्तमानपत्रात ‘साटंलोटं’ दिसलं की बिल्डर आणि अधिकारी यांच्याबद्दलच असतं, त्यामुळे तुमच्या शेजारणीला तो शब्द लावू नये.

पैरेकरी

मूळ गाव कोल्हापूरकडं, आता बोरिवली. आमच्याकडं शब्द आहे पैरा. आज तुमच्या भांगलणीला आमच्या घरची दोन माणसं, पुढच्या आठवड्यात आमच्या शेतात तुमची दोन. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. कुठं याला सावड म्हणतात. इर्जिक वेगळी: एका दिवसात दहा-पंधरा औतं एकाच्या रानात उतरतात आणि ज्याचं रान त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं.

आता गंमत बघा, पैऱ्यातही हिशेब चोख असतो. आईला तोंडपाठ असायचं कुणाचा किती दिवसांचा पैरा फेडायचा राहिलाय. म्हणजे ‘हिशेब आला की प्रेम गेलं’ हे आमच्याकडं तरी खरं नव्हतं. पण एक होतं. पैरा त्याच दिवशी फेडता येतच नाही. तुमचं पीक आल्याशिवाय मी काय फेडणार? तोवर मी तुमचा देणेकरी, आणि तोवर आपलं बोलणं-चालणं चालू राहणार. भांडण झालं तरी पैरा फेडायला जावंच लागायचं, आणि एका पातीला बसून खुरपताना अबोला किती वेळ टिकतो!

अकरा_महिने

मी सहसा नुसतं वाचते, पण इथे लिहायलाच हवं. तुळसकाकू, मी तुमची शेजारीण नाही, पण असू शकले असते.

पाच वर्षांत मुंबईत चार घरं बदलली. करार ११ महिन्यांचा, मग भाडं वाढतं किंवा मालकाचा मुलगा परत येतो. पहिल्या घरी, घाटकोपरला, शेजारच्या मावशी मला दर गुरुवारी काहीतरी द्यायच्या. मला स्वयंपाक धड येत नव्हता, वेळही नव्हता. त्यांचे तीन डबे माझ्याकडे साठले. रिकामे कसे द्यायचे म्हणून मी ते ठेवत गेले. मग जिन्यात त्या भेटतील या लाजेनं लिफ्टनं जायला लागले. शेवटी टेम्पोत सामान भरताना तिन्ही डबे वॉचमनकडे दिले. रिकामेच. ती गोष्ट मला अजून खाते.

त्यानंतर ठरवलं की कुणाचं काही ठेवायचं नाही. ऑफिसातही आमचं टीटीएमएम, तुझं तू माझं मी. चहाचे अठरा रुपयेही तिथल्या तिथे पाठवून मोकळं व्हायचं. याला कुणी कोरडेपणा म्हणेल, पण मी ते दुसऱ्याचा मान राखण्यासाठीच करते. उद्या मी इथे असेन की नाही हेच माहीत नसेल, तर कुणाचं देणं कशाच्या भरवशावर डोक्यावर घेऊ? पैरेकरीदादांच्या गावात पुढचं पीक त्याच रानात येणार हे नक्की असतं. माझं पुढचं पीक कुठे येणार हे ब्रोकरला विचारावं लागतं.

गिरगाव_ते_विरार

अकरा_महिने, तुझं वाचून गलबललो. त्या मावशींनी डब्यांचा हिशेब ठेवला नसेल बाळ, खात्रीनं सांगतो.

माझं वय ७१. वडील लालबागच्या एका गिरणीत जॉबर होते. ते गेल्यावर ट्रंकेत आमच्या घरची आहेराची वही सापडली. लाल कापडी बांधणीची, लांबट, किराणा दुकानात असते तशी. थोरल्या बहिणीच्या लग्नापासूनच्या नोंदी. डाव्या रकान्यात नाव, मग गाव किंवा चाळ आणि खोली नंबर, मग काय आलं ते: “स्टीलची ताटली १”, “पितळी डबा”, “रु. ५”, “रु. ११”. उजवीकडे वडिलांच्या बारीक अक्षरात त्यांच्याकडच्या कार्याला आपण काय दिलं ते.

लहानपणी मला या वहीची चीड यायची. प्रेमाचा काय हिशेब लिहिता, असं एकदा त्यांना म्हणालोही होतो. आता चष्मा लावून ती वही नीट वाचली आणि तिचा कायदा कळला. डावीकडे ५ असेल तर उजवीकडे ७ किंवा ११. डावी-उजवी सारखी कधीच नाही. बरोबर तेवढंच परत केलं तर तोंडावर फेकल्यासारखं होतं. थोडं वर दिलं की आता ते तुमचे देणेकरी, मग पुढच्या कार्याला त्यांचं येणं आलंच. दोन्ही बाजू कधी जुळू द्यायच्या नाहीत यासाठी ती वही लिहिलेली होती!

एक नोंद मात्र उलटी आहे. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर, आणि कित्येकांना ती नोकरी परत मिळालीच नाही. आमच्याच मजल्यावरच्या एका घरानं माझ्या लग्नात ५१ रुपये केले होते. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा त्यांची चूल कशी पेटत होती ते सगळ्या चाळीला ठाऊक. उजव्या रकान्यात वडिलांनी लिहिलंय: “रु. २१. साखर ५ किलो आधी पोचवली.” ५१ च्या जागी २१! पाच मिनिटं मी त्या ओळीकडे बघत बसलो. जास्त दिलं असतं तर त्या माणसाला पुढे तेवढं फेडायची चिंता. म्हणून मांडवात चारचौघांत कमी दिलं, आणि साखर आदल्या रात्री मागच्या जिन्यानं गेली, जिची नोंद त्यांच्या वहीत होणार नव्हती. आमच्या वहीत का केली? आईला जाब द्यायला असेल, कारण ती साखर घरच्या रेशनमधून गेली होती.

शब्दाचं म्हणाल तर मला एक सुचतो. दुकानात पाटी असायची, “आज रोख उद्या उधार”. तुमच्या शेजारणीचं नातं रोखीचं. आमच्या चाळीतलं उधारीचं. देवघेव दोन्हीकडे सारखीच.

जुनी_पानं

‘रोखीचं नातं’! व्वा काका. हे चालेल. कोशात नाही, पण ऐकल्याबरोबर कळतं. आणि त्याला क्रियापदही तयार आहे, ‘फिटणं’. ऋण फिटतं, पांग फिटतात, कर्ज फिटतं, आणि सगळं समसमान झालं की फिट्टंफाट. पत्ते खेळताना पोरं ‘फिट्टंफाट’ म्हणतात तेव्हा डाव संपलेला असतो.

सातबारा

सगळे चाळीच्या आठवणीत रमलेत, आणि मीही काकांची वही वाचताना रडले. पण उधारीच्या नात्याचं एवढं कौतुक होतंय तर दुसरी बाजू मांडणं मला भाग आहे.

माझी आजी साट्यात दिलेली. तिच्या भावाला ज्या घरची मुलगी केली त्याच घरात आजीला दिली. दोन्हीकडचा हुंडा वाचला, एका मांडवात दोन लग्नं. पुढे आजीच्या भावजयीला सासरी त्रास झाला आणि ती माहेरी निघून आली. त्यानंतर आठ दिवसांत आजीला, कडेवर दीड वर्षाच्या माझ्या वडिलांना घेऊन, बैलगाडीत बसवून परत पाठवलं. आजोबांचं आणि तिचं भांडण नव्हतं. तिची काही चूक नव्हती. तिकडची आली म्हणून इकडची परत. ती दहा महिने माहेरी राहिली. यालाच साटंलोटं म्हणतात, जुनी_पानं. बिल्डरच्या बातम्यांत तो शब्द नंतर आला.

राजस्थानात हेच आटा-साटा, पाकिस्तानात वट्टा-सट्टा. तिथल्या खेड्यांत साधारण तीनातलं एक लग्न असं होतं असं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यात असंही आढळलं की आपलीही मुलगी त्यांच्या घरात आहे या धाकानं सुनांची मारझोड कमी होते. धाकानं का होईना, होते हे खरं. पण मग प्रत्येक घरात एक ओलीस बसलेली असते.

आणि बलुतं? तेही उधारीचंच नातं. वर्षभर राबायचं आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. वाटा किती ते राबणारा ठरवत नव्हता, आणि काम नको म्हणायची सोय नव्हती. महार वतनाच्या या बेडीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली इथेच, मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. गाव सोडून जी माणसं मुंबईच्या गोदीत, रेल्वेत, गिरण्यांत आली त्यांच्या हातात महिन्याला रोख पगार पडला. रोख म्हणजे काय ते त्यांना विचारा. काम केलं, पैसे घेतले, आता मी तुझा कुणी नाही आणि तू माझा मालक नाहीस. फिट्टंफाट हा माझ्या घरात फार मोठा शब्द आहे.

म्हणून काकांच्या वहीतल्या दोन्ही बाजू न जुळणं मला गोड वाटतं ते एकाच कारणासाठी. त्या चाळीत दोन्ही घरांना वही ठेवता येत होती.

पैरेकरी

ताई, पटलं. आमच्याकडं पैरा बरोबरीच्यांतच व्हायचा. ज्याला स्वतःचं रान नाही त्याच्याशी पैरा कुणी केल्याचं मला आठवत नाही. त्याला मजुरीच. हे मी आधी लिहायला हवं होतं.

ओपीडीबाहेर

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून दोन गोष्टी.

एक, आमच्या क्षेत्रात एरिक बर्न यांच्या पद्धतीतही ‘ट्रान्झॅक्शन’ हा शब्द येतो. तिथे त्याचा फायद्या-तोट्याशी संबंध नाही. मी काही बोलले, तुम्ही उत्तर दिलंत, ही एक देवघेव, एवढंच. दोन्ही अर्थ कृपया एकत्र करू नयेत.

दुसरी गोष्ट थेट वडीच्या डब्याची आहे. १९७९ साली मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. ज्यांना समोरच्या व्यक्तीशी जवळीक वाढण्याची आशा होती त्यांनी तिला मदत केली, आणि तिनं लगेच परतफेड केली, तर ती त्यांना कमी आवडली. जिथे जवळिकीचा प्रश्नच नव्हता तिथे उलट परतफेड करणारी व्यक्तीच जास्त आवडली. तुळसताई, तुम्हाला दीडशे रुपये टोचले कारण तुम्ही ओळख वाढवायला गेला होतात. वड्या विकायला गेला असतात तर तुम्हीच म्हणाला असतात, किती चोख मुलगी आहे.

आणि अकरा_महिने, लाजेनं लिफ्टनं जाणारी माणसं माझ्यासमोर रोज बसतात. परतफेड जमत नाही म्हणून माणूस तोंड चुकवतो, मग समोरच्याला वाटतं हा कृतघ्न. दोघंही दुखावतात आणि दोघांच्या मनात वाईट काहीच नसतं. घाटकोपर फार लांब नाही. जमलं तर एकदा जाऊन या.

अकरा_महिने

जायचं मनात आलं खरं. पण पाच वर्षांनी हातात काय घेऊन जाऊ?

गिरगाव_ते_विरार

साखर. रिकामं भांडं परत करायचं नाही म्हणून आमच्या आया त्यात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायच्या. तेवढी पुरते. डबे वॉचमननं दिले असतील तर कागदाच्या पुडीत ने.

गॅलरीतली_तुळस

सगळ्यांचे आभार. शब्द मिळाला: रोखीचं. टोचलं काय तेही कळलं. तिनं माझं तोंड बंद करायला पैसे दिले असं मला वाटलं होतं. अकरा_महिनेचं वाचल्यावर ती किती घाबरलेली असेल ते दिसलं. सातबारा, तुमच्या आजीची गोष्ट मी लेकीला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “म्हणजे आधी नाही म्हणता आलं पाहिजे.” म्हणून मी आता त्या मुलीला न विचारता काही देणार नाही.

काल रात्री दार वाजवून विचारलं. म्हटलं, परत वड्या करायच्यात, तुला हव्यात का? हव्या असतील तर येताना स्टेशनबाहेरून कोथिंबीर तू आण, मी करते, आणि पैसे पाठवायचे नाहीत. ती आधी फोनकडे बघायला लागली, सवयीनं. मग हसली.

आज नऊ वाजता जुडी घेऊन आली. दिवसभर उन्हात राहिलेली, मान टाकलेली, वड्यांना अर्धीच उपयोगाची. कोथिंबीर कशी निवडून घ्यायची ते तिला कुणी शिकवलेलं दिसत नाही. पेल्यात पाणी घालून ओट्यावर उभी करून ठेवली आहे, सकाळपर्यंत ताठ होते का बघू. दीडशे रुपये तसेच खात्यात आहेत. परत करावेसे वाटत नाहीत आणि खर्चही करवत नाहीत.